धरणगावची वखार आणि संरक्षणाची हमी

इंग्रज ईस्ट इंडिया कंपनीने १६७४ मध्ये खानदेशातील धरणगाव येथे वखार घातली, म्हणजे माल खरेदी करून साठवण्याचे व पुढे पाठवण्याचे ठाणे उभारले. पुढच्याच वर्षी मराठी फौजेने गाव लुटले, त्यात वखारही सापडली, आणि परकी व्यापाऱ्याच्या मालाची जबाबदारी कोणत्या सत्तेवर येते हा प्रश्न उभा राहिला.

तत्पूर्वी, १६७४ च्या जूनमध्ये, राज्याभिषेकास आलेल्या हेन्री ऑक्झिंडेन याच्यामार्फत कंपनीचा शिवाजी महाराजांशी तह झाला होता. त्यात अडीच टक्के जकात व राजापूरच्या वखारीच्या १६६१ मधील लुटीबद्दल १०,००० होनांची भरपाई ठरली. राजापूरच्या इंग्रजांनी पन्हाळ्याच्या वेढ्यात आदिलशाही सरदार सिद्दी जौहरास तोफांची मदत केली होती, हे ध्यानात घेता ही भरपाई उदारच होती. मात्र कंपनीचे नाणे रयतेवर लादण्यास महाराजांची तयारी नव्हती, आणि किनाऱ्यास लागलेल्या गलबतांचा माल इंग्रजांना परत दिल्यास फ्रेंच व डचही तोच हक्क मागतील, असा त्यांचा आक्षेप होता. एकास दिलेली सवलत इतरांनाही मिळावी या, आज ‘परमानुकूल राष्ट्र’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, तत्त्वाचे परिणाम त्यांनी अचूक ओळखले होते.

धरणगावच्या भरपाईस महाराजांनी नकार दिला, कारण ते गाव शत्रूच्या, म्हणजे मोगलांच्या, मुलखात होते. ही भूमिका कायद्याच्या दृष्टीने भक्कम आहे, कारण संरक्षणाची हमी ज्याचा अंमल असेल त्यानेच द्यावयाची असते. स्वतःच्या हद्दीतही ती हमी म्हणजे विमा नव्हे. आपल्या काळातले उदाहरण घ्यायचे तर, श्रीलंकेच्या सुरक्षा दलांच्या कारवाईत १९८७ मध्ये एका हाँगकाँगच्या कंपनीची भागीदारी असलेले कोळंबी संवर्धन केंद्र उद्ध्वस्त झाले, तेव्हा १९९० च्या निवाड्यात लवादाने, म्हणजे उभय पक्षांनी मान्य केलेल्या पंचमंडळाने, नुकसान झाले एवढ्यानेच राज्य दोषी ठरत नाही असे सांगितले आणि पुरेशी दक्षता न घेतल्याबद्दल भरपाई देवविली.

भारताने परकी गुंतवणुकीच्या संरक्षणासाठीच्या २०१५ च्या नमुना करारात, म्हणजे इतर देशांशी वाटाघाटी करण्यासाठी तयार केलेल्या मसुद्यात, याहून सावध वाट धरली: गुंतवणूकदाराने आधी देशातील न्यायालयांत किमान पाच वर्षे दाद मागावी, असे बंधन घातले आणि करविषयक उपाय कराराच्या कक्षेबाहेर ठेवले. १६७४ च्या तहात जकातीचा दर परकी कंपनीशी ठरवून बांधला गेला होता; २०१५ च्या नमुन्यात कर आकारण्याचा अधिकार राज्याने स्वतःकडेच राखला आहे.