मोर्चानंतर साक्ष असते

अत्याचाराच्या केसमध्ये आरोपी सुटला की आपण मोर्चा काढतो. काढलाच पाहिजे. पण उलटतपासणीत साक्षीदार कोलमडला तेव्हा आपल्या बाजूची तयारी किती होती, हे कोण विचारणार?

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी ते विचारले. 1929 मध्ये चार्ल्स ह्यूस्टन यांनी हॉवर्ड विद्यापीठाच्या लॉ स्कूलची सूत्रे घेतली आणि तिथे वर्णभेदाविरुद्ध लढणारे वकील घडवले. थरगुड मार्शल 1933 ला पदवीधर झाले, पण शिक्षण संपले नाही. गुरूसोबत मरे खटला लढत ते शिकले. 1936 मध्ये अपिलातही जिंकले. पुढे सर्वोच्च न्यायालयात उभे राहण्याआधी हॉवर्डमध्ये युक्तिवादाची तालीम होई. 1954 च्या ब्राउन निकालात वादी कृष्णवर्णीय पालक जिंकले, त्यामागे ही मेहनत होती. ह्यूस्टन ते पाहायला नव्हते. 1950 मध्येच गेले.

महाडही हेच सांगते. चवदार तळ्याचा दावा 1927 पासून 17 मार्च 1937 पर्यंत चालला. बंदीची रूढी अनादी असल्याचे सवर्ण वादींना सिद्ध करता आले नाही, म्हणून ते हरले. सत्याग्रहाला बाबासाहेबांनी पुराव्याची जोड दिली होती.

म्हणून जयंतीच्या वर्गणीतला एक वाटा तालुक्यातल्या तरुण वकिलांच्या उलटतपासणीच्या सरावाला द्या. डीजे एक रात्र वाजतो. शिकलेला वकील चाळीस वर्षे लढतो.

जय भीम!