पाव तोळ्याची गोळी

हत्ती विकत घेणे एकवेळ जमते, पण रोजचा चारा घराला परवडत नाही. रायफलीचेही तसेच आहे. दुकानातली किंमत एकदाच मोजायची असते. काडतुसांचा खर्च मात्र हौस आहे तोवर चालू राहतो. म्हणून स्वस्त रायफलीचा इतिहास लिहायचा तर नळी आणि दस्ता बाजूला ठेवून गोळीपासून सुरुवात करावी लागते.

ती गोळी तराजूत टाकून पाहू. दोन्ही महायुद्धांत ब्रिटिश आणि हिंदी सैनिकांनी झाडलेली .३०३ ची गोळी १७४ ग्रेनची, आणि ब्रिटिश हिंदुस्थानातला तोळा बरोबर १८० ग्रेनचा. म्हणजे प्रत्येक बाराला जवळजवळ तोळाभर धातू हवेत जाई. वर तांब्या-निकेलचे कवच, खाली पितळेची जाड पुंगळी आणि तिच्यात दोन-अडीच ग्रॅम कॉर्डाइट ही दारू. याउलट .२२ लाँग रायफलची गोळी ४० ग्रेनची, पाव तोळ्यालाही जरा कमीच. कवच नाही, नुसते शिसे. आवाज फटाक्यापेक्षा फार मोठा नाही आणि खांद्याला धक्का जवळपास नाहीच.

या धाकट्या काडतुसाचा जन्म रणांगणावर नव्हे, दिवाणखान्यात झाला. १८४५ च्या सुमारास पॅरिसच्या लुई-निकोला फ्लोबेर या कारागिराने ठासणीच्या बंदुकीची टोपी घेतली आणि तिच्या तोंडावर शिशाचा एक बारीक गोळा बसवला. दारू घातलीच नाही. टोपीतला स्फोटक मसाला तेवढ्या गोळ्याला पुरेसा होता. जेवणे आटोपल्यावर पाहुण्यांनी घरातच नेमबाजी करावी, यासाठी हा सगळा खटाटोप.

अमेरिकेत होरेस स्मिथ आणि डॅनियल वेसन यांनी हीच कल्पना पुढे नेली. पुंगळी थोडी लांब केली, तिच्यात चार ग्रेन काळी दारू भरली आणि १८५७ मध्ये .२२ शॉर्टचे रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. हिंदुस्थानात चरबी लावलेल्या कागदी काडतुसांवरून छावण्या पेटल्या, तेच हे वर्ष. एकीकडे शिपाई दातांनी काडतूस फोडत होता आणि दुसरीकडे न फोडता, न ठासता उडणारे धातूचे काडतूस विक्रीला आले होते.

त्याच्या स्वस्ताईचे रहस्य बुडाच्या कडेत आहे. मोठ्या काडतुसाच्या बुडाशी मध्यभागी वेगळा प्रायमर ठोकून बसवावा लागतो. .२२ मध्ये प्रायमरचा मसाला पुंगळीच्या दुमडलेल्या कडेतच भरलेला असतो. घोड्याने कड चेपली की बार उडतो. एक सुटा भाग कमी झाला आणि त्याबरोबर एक कामही. पण कड चेपली जायची तर पुंगळी पातळ हवी आणि पातळ पुंगळी फार दाब सोसत नाही. त्यामुळे या पद्धतीची मोठी काडतुसे मागे पडली, लहान तेवढी टिकली. तोटाही आहे: रिकामी पुंगळी पुन्हा भरता येत नाही. १८८७ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या स्टीव्हन्स कंपनीने पाच ग्रेन दारू आणि ४० ग्रेनची गोळी यांचा मेळ घालून .२२ लाँग रायफल काढली. दारू पुढे बिनधुराची झाली, बाकी मापे आजही जवळपास तीच आहेत.

ब्रिटनला या काडतुसाची खरी किंमत दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर शेतकऱ्यांनी शिकवली. डिसेंबर १८९९ च्या एकाच आठवड्यात स्टॉर्मबर्ग, मागर्सफाँटेन आणि कोलेन्सो या तीन ठिकाणी ब्रिटिश फौजा मार खाऊन परतल्या. समोरच्यांच्या हातात माउझर होती आणि शिकारीवर पोसलेली नजर होती. कोलेन्सोला ब्रिटिश सेनानी लॉर्ड रॉबर्ट्सचा मुलगा फ्रेडी प्राणघातक जखमी झाला. पुढे स्वतः रॉबर्ट्सच त्या युद्धाचा सेनापती झाला आणि परतल्यावर त्याने एकच धोशा लावला: सामान्य इंग्रजाला नेम धरता आला पाहिजे.

पण गिरणीतल्या मजुराने सराव करायचा कुठे? .३०३ साठी शेकडो यार्डांचे मोकळे मैदान लागते. बिस्लेच्या नेमबाजी मैदानावर जायचे तर रजा हवी, आगगाडीचे भाडे हवे, शिवाय काडतुसांचे पैसे वेगळेच. १९०१ मध्ये मेजर जनरल लुआर्ड याच्या पुढाकाराने कामगारांच्या रायफल क्लबांची संस्था उभी राहिली, तिने .२२ उचलली आणि प्रश्नच मिटवला. पंचवीस यार्ड जागा असली की झाले. ड्रिल हॉल, कारखान्याची वखार, काहीही चाले. जुन्या मार्टिनी रायफलींच्या नळ्या बदलून .२२ च्या रायफली होऊ लागल्या आणि बर्मिंगहॅमच्या बीएसएने खास या क्लबांसाठी रायफली बनवल्या. म्हणजे रायफल स्वस्त, गोळी स्वस्त आणि (हे बरेचदा विसरले जाते) जागाही स्वस्त.

आता याच चित्राची दुसरी बाजू. हा रॉबर्ट्स जन्मला कानपूरला, १८३२ मध्ये. १८८५ ते १८९३ तो हिंदुस्थानचा सरसेनापती होता. त्या सगळ्या काळात इथे १८७८ चा शस्त्रकायदा लागू होता. युरोपियनाला सवलत आणि हिंदी माणसाला परवाना. राष्ट्रीय सभेने १८८७ च्या मद्रास अधिवेशनात या कायद्याविरुद्ध ठराव केला. .२२ लाँग रायफल जन्मली तेच हे वर्ष. लँकेशरच्या मजुराने नेम शिकावा म्हणून धडपडणाऱ्या साम्राज्याला मुंबईच्या गिरणी कामगाराच्या हाती तीच रायफल चालली नसती. लष्करी मापाच्या काडतुसाचे तर वावडेच होते. शिकाऱ्यांची .४५० बोअरची रायफलसुद्धा १९०७ मध्ये हिंदुस्थानात बंद झाली, कारण जुन्या लष्करी मार्टिनी-हेन्रीही त्याच मापाच्या होत्या. स्वातंत्र्यानंतरही ही सवय गेली नाही: सरकारी कारखान्याने नागरिकांसाठी .३०३ ऐवजी .३१५ ची रायफल काढली.

अमेरिकेत उलट प्रकार. तिथे .२२ हे शेतावरच्या पोराचे पहिले हत्यार; खारी, ससे आणि रिकामे डबे ही त्याची शाळा. स्वस्त गोळीने तिथे अचाट वेडही पोसले. १९०७ मध्ये टेक्ससच्या सॅन अँटोनिओत अ‍ॅड टॉपरवाइनने हवेत फेकलेल्या ७२,५०० लाकडी ठोकळ्यांवर नेम धरला. त्यातले फक्त ९ चुकले. १९५९ मध्ये रेमिंग्टनचा विक्रेता टॉम फ्राय याने १,००,०१० ठोकळे उडवायला घेतले आणि ६ चुकवले. त्याच्या हातात नायलॉन ६६ होती. रेमिंग्टनची मालकी ड्यू पाँट या रसायन कंपनीकडे होती, तेव्हा लाकडाऐवजी नायलॉनचा दस्ता करून पाहण्याचे धाडस तिला परवडले. जुने शिकारी नाक मुरडत राहिले आणि रायफल दहा लाखांहून अधिक खपली. फ्रायचा हिशेब मांडला तर सुमारे २६० किलो शिसे उडाले. .३०३ ने हाच पराक्रम करायचा तर टनाहून अधिक धातू लागला असता, आणि खांद्याचे काय झाले असते ते वेगळेच.

स्वस्त रायफल घेतली, पण गोळीने दगा दिला, असेही झाले. सोव्हिएत संघ कोसळल्यावर मोसिन-नागांत रायफलींचे ढीग अमेरिकेत पोहोचले आणि शंभर डॉलरच्या आत विकले गेले. सोबत ४४० जुन्या काडतुसांचे सीलबंद पत्र्याचे डबे मिळत. त्यांच्या प्रायमरचा मसाला नळी गंजवणारा, म्हणून रेंजवरून आल्यावर ती आधी पाण्याने धुवायची. पुढे डबे संपत आले. २०२१ मध्ये अमेरिकेने रशियन काडतुसांची नवी आयात रोखली आणि स्वस्तात घेतलेली रायफल भिंतीवरची शोभा झाली. .२२ सुद्धा सुटली नाही. २०१३ पासून दोन-तीन वर्षे अमेरिकन दुकानांतून तिची खोकी दिसेनाशी झाली, कारण बंदी येईल या भीतीने लोकांनी साठे केले होते.

महाराष्ट्रात हजारो मुलामुलींची रायफलशी पहिली ओळख याच गोळीने होते, आणि तीही एनसीसीत. ‘पॉइंट टू टू’ म्हणून ओळखली जाणारी ती रायफल अनेकदा लष्करी ली-एनफिल्डचीच बहीण असते, फक्त .२२ ची नळी घातलेली. वजन लष्करी, खर्च चिल्लर. पालथे पडायचे, श्वास रोखायचा, पाच गोळ्या मोजून मिळायच्या आणि मग ‘ग्रुपिंग’ किती आले यावर दिवसभर वाद घालायचा. अंजली भागवत यांची नेमबाजी एनसीसीतच सुरू झाली.

स्पर्धेच्या पातळीवर मात्र ही स्वस्ताई संपते. ऑलिंपिक दर्जाची .२२ रायफल आज लाखांत जाते. तिला साजेशी काडतुसे परदेशातून येतात, आणि त्यांचा प्रत्येक लॉट त्या एका नळीतून झाडून पाहिल्याशिवाय नेमबाज तो घेत नाही. दिवाणखान्यातले आणि मजुरांच्या क्लबातले काडतूस मध्यमवर्गीय घराला कर्ज काढायला लावू शकते, हे फ्लोबेरला पटले नसते.

कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोन (पालथे पडून) प्रकारात विश्वविजेत्या ठरल्या, त्या याच काडतुसावर. १ ऑगस्ट २०२४ रोजी राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे फ्रान्समध्ये ऑलिंपिकसाठी शातरूच्या रेंजवर उभा राहिला. पन्नास मीटरवर दहाचे वर्तुळ १०.४ मिलिमीटरचे, म्हणजे करंगळीच्या नखाएवढे. ४५१.४ गुण आणि कांस्यपदक. नळीत होती ती १८८७ सालची पाव तोळ्याची गोळी.