झाडू नसलेली खोली

आमच्या घरातल्या एका खोलीत झाडू न्यायला बंदी होती. पेण तालुक्यातल्या हमरापूर-जोह्याच्या पट्ट्यात घरोघरी गणपतीचे कारखाने. आमचाही होता. कारखाना म्हणजे पुढची पडवी, माजघराचा अर्धा भाग आणि मागच्या बाजूला रंगकामासाठी काढलेली ती एक खोली. तिथली जमीन केरसुणीने झाडायची नाही, ओल्या गोणपाटाने पुसायची. आत जाताना पाय धुवायचे, केसांना फडकं बांधायचं, विरलेली सुती साडी नेसून जायचं नाही, कारण तिचे धागे सुटतात. हे सगळे नियम आत्याचे. मूर्तींच्या डोळ्यांची आखणी तिच्या हातात होती, त्यामुळे बाबासुद्धा तिच्यापुढे बोलत नसत. दार बोटभर उघडं राहिलं की आतून हाक यायची, ‘‘दार लाव गो, धूल येते!’’

आमच्या धंद्याचा इतिहास लोक साच्यांवरून सांगतात, मातीवरून सांगतात, मूर्ती कुठकुठल्या देशात गेल्या त्यावरून सांगतात. मला तो धुळीवरून सांगावासा वाटतो, कारण मी तो तसाच पाहिला.

आजोबांच्या वेळी धुळीची एवढी धास्ती नव्हती. शाडूची माती गुजरातेतून यायची. मूर्ती उन्हाळ्यात घडवायच्या आणि रंगाला हात लागायचा तो आषाढात. बाहेर कोकणातला पाऊस, अंगणात चिखल, कौलांवरून अखंड धार. अशा हवेत धूळ उडणार कुठून? शाडूच्या मूर्तीचं फिनिशिंगही बहुतेक पाण्यानेच होतं: ओला ब्रश फिरवायचा, बोटाने गुळगुळीत करायचं. खरवडणं थोडं, त्यामुळे भुकटीही थोडी. मग सफेदीचा हात, त्यावर डिंकात कालवलेले रंग, सगळं ब्रशाने. ब्रश रंगाला पृष्ठभागावर दाबून बसवतो. एखादा कण आलाच तर केसांत अडकून बाजूला निघतो. त्या काळची अडचण वेगळी होती. रंगवलेल्या मूर्ती वाळत नसत. मग मूर्तींच्या रांगांमध्ये कोळशाच्या शेगड्या ठेवायच्या, आणि निखाऱ्यावरची राख उडू नये म्हणून वारा घालायचा नाही, नुसतं थांबायचं. आजोबांच्या तोंडी ‘धूळ’ हा शब्द फारसा नसायचा, ‘ओल’ असायचा.

प्लास्टर ऑफ पॅरिस आलं आणि ते स्वतःची धूळ बरोबर घेऊन आलं. जिप्सम भाजून केलेली ती पांढरी भुकटी पाण्यात कालवली की काही मिनिटांत घट्ट होते, हाताला गरम लागते. साच्यातून मूर्ती निघाली की शिवणीवरची रेघ काढायला पॉलिशपेपर मारावा लागतो. शाडू ओली घासली जायची, ही कोरडी. आमच्या पडवीत आई आणि काकू दिवसभर पॉलिशपेपर मारत बसायच्या. संध्याकाळी दोघींच्या भुवया पांढऱ्या झालेल्या असायच्या. ही धूळ पिठापेक्षा बारीक. ती खाली बसत नाही, हवेत लोंबकळत राहते, आणि माणूस नुसता शेजारून गेला तरी पुन्हा उठते.

मी पाचवीत असताना, १९८४ च्या मे महिन्यात, बाबांनी कॉम्प्रेसर आणला. अर्ध्या अश्वशक्तीची मोटर, हिरवी टाकी, लाल रबरी नळी आणि टोकाला स्प्रे गन. ज्या अंगरंगाला एका मूर्तीमागे पाऊण तास लागायचा तो पाच-सात मिनिटांत होऊ लागला. गालांवरची, सोंडेवरची गुलाबी छटा ब्रशाने कधी इतकी अलगद विरली नव्हती.

पुढे मला ही गन आली कुठून याचा नाद लागला आणि एका सालापाशी मी थबकले. १८९३. त्या वर्षी गिरगावच्या केशवजी नाईक चाळीत सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला. त्याच वर्षी अमेरिकेत शिकागोला जागतिक प्रदर्शन भरलं. ज्या धर्मपरिषदेत स्वामी विवेकानंद बोलले ती या प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेली. तिथले मोठमोठे महाल दगडाचे नव्हते. प्लास्टरमध्ये तागाचे धागे घालून ते उभे केले होते. आम्ही प्लास्टरमध्ये काथ्या घालतो, तसंच. ते सगळे महाल पांढरे करायचे होते आणि दिवस थोडे उरले होते. ब्रशाने वेळेत होणार नाही म्हणून रंगकामाचे प्रमुख फ्रान्सिस मिलेट यांच्या माणसांनी दाबाच्या हवेने नळीतून रंग फवारला. प्लास्टर, धागा, फवारा आणि तारखेची घाई, म्हणजे आमच्या कारखान्याचा सगळा संसार त्या प्रदर्शनात मांडलेला होता. हा योगायोग मला फार जवळचा वाटतो. हातात धरायची गन त्यानंतर आली. अमेरिकेतल्याच टोलेडो शहरातल्या डेव्हिल्बिस नावाच्या डॉक्टरने घशात औषध फवारायचं उपकरण केलं होतं. त्याच्या मुलाने १९०७ च्या सुमारास ते रंगासाठी वापरात आणलं.

धुळीचा प्रश्न तिकडच्या रंगाऱ्यांनाही होताच. घोडागाड्या रंगवणारे कारागीर वॉर्निशची खोली बंद ठेवत आणि जमिनीवर पाणी शिंपडत. तेव्हाचं वॉर्निश वाळायला दिवसचे दिवस घेई, आणि ओला रंग म्हणजे धुळीला उघडं दार. मोटारींसाठी १९२३-२४ मध्ये ड्युको नावाचा झटपट वाळणारा लॅकर आला, आठवड्यांचं काम तासांवर आलं, आणि धुळीला बसायला वेळच उरला नाही. आत्याने यातलं काही वाचलेलं नव्हतं. तरी जमिनीवर पाणी ती शिंपडतच होती.

गनने मात्र तिची पहिल्याच हंगामात झोप उडवली. गन नवी धूळ तयार करते. रंगाचे थेंब मूर्तीपर्यंत पोचण्याआधीच हवेत वाळले की त्यांची भुकटी होते, ती शेजारच्या ओल्या मूर्तीवर जाऊन बसते आणि हात फिरवला तर खरखर लागते. बाबांना वाटायचं की बाहेरून माती येते आहे. आत्याने काळ्या कापडाचा तुकडा खोलीच्या कोपऱ्यात पसरून ठेवला आणि संध्याकाळी आणून दाखवला: त्यावरचे कण गुलाबी होते. बाहेरची माती गुलाबी नसते. त्या दिवसापासून गन मूर्तीपासून वीतभर अंतरावर धरायचा नियम झाला. जवळ नेली तर रंग ओघळतो, लांब नेली तर रंगाची धूळ होते. रंगवलेली मूर्ती लगेच उचलून दुसऱ्या दालनात न्यायची, तिच्या शेजारी दुसरी फवारायची नाही. आणि गनची हवा जमिनीवर आपटून बसलेला कण उठवते, म्हणून जमीन ओली हवी. सुकत आली की पुन्हा गोणपाट.

कॉम्प्रेसर खोलीत असेपर्यंत तोही हीच धुळीची हवा ओढून घ्यायचा. म्हणून तो मागच्या पडवीत गेला. पावसाळ्यात टाकीत पाणी साठतं आणि गनमधून रंगाबरोबर थुंकल्यासारखं बाहेर पडतं. म्हणून सकाळी पहिलं काम, टाकीचा खालचा नळ उघडून पाणी सोडणं. ते काम माझं होतं.

खरी लढाई सुरू झाली ती परदेशी जाणाऱ्या मूर्तींमुळे. जहाजाने जायच्या मूर्ती गणपतीच्या कित्येक महिने आधी निघाव्या लागतात. म्हणजे रंग आषाढात नाही, माघ-फाल्गुनात. आणि कोकणातला फाल्गुन म्हणजे नुसती कोरडी हवा. खळ्यावरचं तूस उडत असतं, वाटांवर ढोपरभर फुफाटा. पुढे चैत्र-वैशाखात डोंगराकडच्या वाड्यांत राब, म्हणजे शेतात पसरलेला पालापाचोळा, भाजतात, त्याची काळी राख वाऱ्यावर तरंगत येते. एकदा पितांबराच्या पिवळ्यावर अशी राख बसली आणि ती पुसायला गेलेल्या बाबांनी सगळा पितांबरच मळवला. ओल्या रंगावर बसलेलं काही पुसायचं नसतं. वाळू द्यायचं, मग पाणीपेपरने, म्हणजे ओल्या पॉलिशपेपरने, हलकेच घासून काढायचं आणि तेवढ्या जागी पुन्हा फवारायचं. बाबांना ते माहीत होतं. बोट तरी गेलंच.

१९९१ च्या उन्हाळ्यात बाबांनी भिंतीत एक्झॉस्ट पंखा बसवला. रंगाचं धुकं बाहेर जाईल, श्वास मोकळा होईल, धूळही निघून जाईल असा हिशोब. धूळ दुप्पट झाली. दोन दिवस घरात कोणी नीट बोललं नाही. तिसऱ्या दिवशी आत्या देवघरातली उदबत्ती पेटवून घेऊन आली. पंखा चालू ठेवायला सांगितला आणि उदबत्ती बंद दाराच्या फटीपाशी धरली. धूर सरळ वर जायचा तो आडवा झाला आणि फटीतून आत ओढला गेला. मग कौलांच्या खाली, खिडकीच्या चौकटीपाशी, भिंत आणि वाशांच्या मधे, जिथे जिथे धरली तिथे धूर आत धावत होता. ‘‘जेवढी हवा बाहेर काढाल तेवढी कुठून तरी आत येणारच ना,’’ ती म्हणाली. ‘‘फटीतून येते, माळ्यावरची माती घेऊन येते.’’

त्यावर आम्ही जे केलं ते मी आजही करते. वर्तमानपत्राच्या पट्ट्या खळीने चिकटवून सगळ्या फटी बुजवल्या. पंख्यासमोरच्या भिंतीतली मोठी खिडकी मुद्दाम उघडली आणि तिच्यावर मलमलीचे दोन पदर बांधून ते ओले ठेवले. हवा येईल ती याच वाटेने, आणि पदरातून गाळून. खिडकी पंख्यापेक्षा बरीच मोठी हवी, म्हणजे हवा जोराने येत नाही, सावकाश येते. रंगवणाऱ्याने खिडकीकडे पाठ करून उभं राहायचं. पुढे मूर्ती, तिच्यापलीकडे पंखा. रंगाचं धुकं तोंडावर न येता समोर निघून जातं. मलमल दर दोन तासांनी धुवायची. पहिल्या दिवशी बादलीतलं पाणी गढूळ चहासारखं झालं होतं.

तेलरंगाच्या दिवशी आणखी एक पथ्य. थिनरची वाफ पेट घेते, आणि आमची चूल तर एका भिंतीपलीकडे. म्हणून त्या दिवशी स्वयंपाक अंगणात तीन दगडांवर व्हायचा आणि देवापुढचा दिवा संध्याकाळी काम आवरल्यावरच लागायचा. आजीला ते कधी पटलं नाही.

या सगळ्यात आम्ही मूर्तीला जपलं तितकं माणसांना जपलं नाही, हे मला लिहिलंच पाहिजे. तोंडाला ओला रुमाल बांधला की झालं असं आम्ही समजत होतो. ओला रुमाल कण थोडेफार अडवतो. थिनरची वाफ त्यातून जशीच्या तशी आत जाते. काकूचा खोकला कित्येक वर्षं सर्दीच्या नावावर खपवला गेला. आता आमच्याकडे पॉलिशपेपर मारणाऱ्या बायका मास्क लावून बसतात, मूर्तीवर पाण्याचा हलका फवारा मारून ओलं घासतात आणि अर्ध्या दिवसाने कामं बदलतात. हे चाळीस वर्षांपूर्वीही करता आलं असतं, त्याला पैसे लागत नव्हते.

मुंबई-गोवा महामार्गाचं रुंदीकरण सुरू झालं तेव्हा पुन्हा काही वर्षं लाल मातीची झालर आली. रस्त्याकडेच्या कारखान्यांनी हिरवी जाळी लावली, तिच्या आत साड्या लावल्या. आम्ही रात्री रंगवू लागलो. रहदारी कमी होते आणि दव पडलं की माती खाली बसते.

प्लास्टरच्या मूर्ती नकोत असं सांगणाऱ्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनंतर शाडूची मागणी वाढली आहे. माझ्या कारखान्यात आता निम्म्या मूर्ती शाडूच्या. पडवीत पुन्हा ओले ब्रश आणि पाण्याच्या वाट्या दिसतात, भुवया काळ्या राहतात. प्लास्टरवर पोट असलेल्या शेजाऱ्यांचं काय, हा प्रश्न मात्र मला रोज दिसतो, कारण त्यांचं आणि माझं अंगण एकच आहे.

आत्या जाऊन बारा वर्षं झाली. आखणी आता मी करते. डोळ्यांना गन चालत नाही. तिथे अजून ब्रशच, आणि तोही सगळ्यांत शेवटी. गन बंद केली की पंखा थोडा वेळ चालू ठेवायचा, मग तोही बंद करून अर्धा तास खोलीत कोणी जायचं नाही. हवेतलं सगळं खाली बसू द्यायचं. मग पाय धुऊन एकटीने आत जायचं. दिवा लावायचा नाही. टॉर्च मूर्तीच्या कानशिलाजवळ आडवा धरायचा, म्हणजे समोरून न दिसणारा प्रत्येक कण स्वतःची सावली टाकून उभा राहतो. काल कपाळावर एक बारीक धागा होता, बहुतेक माझ्याच पदराचा. मी तो वाळू दिला. आज सकाळी पाणीपेपर बोटावर गुंडाळून तेवढीच जागा घासली, वरून एक हलका हात फवारला, आणि आखणी दुपारवर ढकलली.