हरलेला पेंग्विन : टक्सच्या निवडीची कथा

१/८
लिनक्स म्हटले की डोळ्यांपुढे उभा राहतो तो गुबगुबीत, ऐसपैस बसलेला पेंग्विन. त्याचे नाव टक्स. लिनक्सच्या बोधचिन्हासाठी झालेल्या एकाही स्पर्धेत तो जिंकला नव्हता, हे मात्र फारसे कुणाला ठाऊक नसते. मग हे हरलेले चित्र जगभर पोहोचले कसे?

२/८
१९९१ साली हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा प्रारंभ केला. त्याचा सोर्स कोड सर्वांना खुला होता. देशोदेशीचे प्रोग्रॅमर त्यात भर घालू लागले. काम वाढले, पण या सामूहिक निर्मितीला चेहरा नव्हता.

३/८
१९९६ मध्ये बोधचिन्हाची चर्चा रंगली. शार्क, गरुड असे रुबाबदार प्राणी पुढे आले. टोरवाल्ड्स यांचा ओढा पेंग्विनकडे होता; कॅनबेरा येथील प्राणिसंग्रहालयात एका चिमुकल्या पेंग्विनने त्यांना चोचही मारली होती! त्यांना हवा होता भरपेट मासे खाऊन तृप्त बसलेला, किंचित स्थूल पेंग्विन.

४/८
हे वर्णन चित्रात उतरवले लॅरी यूइंग यांनी. त्यासाठी वापरलेले जिंप हे सॉफ्टवेअरही मुक्तच होते. ‘टक्स’ हे नाव जेम्स ह्यूज यांनी सुचवले : टोरवाल्ड्स आणि युनिक्स यांचा संक्षेप, शिवाय ‘टक्सीडो’ या काळ्या-पांढऱ्या पोशाखाची आठवण.

५/८
बोधचिन्हासाठी एकंदर तीन स्पर्धा झाल्या. टक्स एकीतही पहिला आला नाही. म्हणूनच काटेकोरपणे बोलायचे तर तो लिनक्सचा शुभंकर आहे, बोधचिन्ह नव्हे. विजेती चित्रे मात्र आज विस्मृतीत गेली आहेत.

६/८
टोरवाल्ड्स यांची पसंती हे यामागचे एक कारण खरेच. पण दुसरे कारण अधिक मोलाचे आहे. यूइंग यांनी हे चित्र वापरण्याची आणि बदलण्याचीही मुभा सर्वांना दिली. अट एवढीच, की कुणी विचारल्यास आपला व जिंपचा उल्लेख करावा. मग कुणी टक्सला टोपी घातली, कुणी चिलखत चढवले. कोडप्रमाणेच चित्रही सर्वांचे झाले.

७/८
म्हणजे स्पर्धा निरर्थक ठरतात काय? तसे नाही. डेबियन प्रकल्पाचा लाल भोवरा हे राऊल सिल्वा यांचे चित्र १९९९ च्या स्पर्धेतूनच निवडले गेले आणि आजही टिकून आहे. तेथेही प्रकल्पाने बाटलीसह असलेले रूप अधिकृत कामापुरते राखले आणि नुसता भोवरा सर्वांच्या वापरासाठी मोकळा ठेवला.

८/८
या दोन निवडींचे मार्ग निराळे, पण धागा एकच. स्पर्धेचा निकाल एका दिवसाचा असतो. लोकांची निवड वापरातून, वर्षानुवर्षे होत राहते. त्यासाठी चित्र सुंदर असणे पुरेसे नाही. ते इतरांच्या हाती सोपवण्याचे औदार्य चित्रकाराजवळ असावे लागते.