परदेशी कार्ड-ऑर्डर फसवणूक

चोरलेल्या क्रेडिट कार्डाचे तपशील वापरून परदेशातून ऑर्डर नोंदवायची आणि विक्रेत्याकडून माल किंवा रोख रक्कम उकळायची, असा हा प्रकार. यात कार्ड विक्रेत्याच्या डोळ्यांसमोर येत नाही. त्याचा क्रमांक, मुदत आणि मागचे गुप्त अंक एवढेच वापरले जातात. खऱ्या कार्डधारकाने तक्रार केली की त्याची बँक व्यवहार उलटवते आणि विक्रेत्याच्या खात्यातून पैसे परत जातात. या उलट्या वसुलीला चार्जबॅक म्हणतात. माल मात्र परत येत नाही. कार्डधारक आणि बँक बहुधा सुटतात, तोटा विक्रेत्याच्या माथी बसतो. म्हणून छोट्या व्यावसायिकाचे खरे संरक्षण माल रवाना होण्याआधीच व्हावे लागते.

भारतीय विक्रेता येथे गाफील राहतो, त्याला ठोस कारण आहे. रिझर्व्ह बँकेने १ ऑगस्ट २००९पासून देशातील ऑनलाइन कार्ड-व्यवहारांना जादा पडताळणी सक्तीची केली. ओटीपीशिवाय कार्ड चालत नाही, हे आपल्या अंगवळणी पडले. परदेशी बँकेने दिलेल्या कार्डाला ही सक्ती लागू होत नाही. पुष्कळ ठिकाणी क्रमांक आणि गुप्त अंक जुळले की व्यवहार मंजूर होतो. तेव्हा पडद्यावर उमटणाऱ्या ‘पेमेंट यशस्वी’चा अर्थ मर्यादित आहे : कार्ड चालू आहे आणि त्यावर मर्यादा शिल्लक आहे. ते वापरणारा त्याचा मालक आहे, याची हमी त्यात नाही. कार्डजाळ्यांच्या नियमांनुसार अनेक प्रकारच्या तक्रारींना १२० दिवसांपर्यंत मुदत असते. अमेरिकेच्या कायद्याने तर अशा गैरवापरात कार्डधारकाची जबाबदारी ५० डॉलरपुरती मर्यादित केली आहे. निरपराध कार्डधारकाला हे संरक्षण हवेच. पण त्यामुळे भार कुठे सरकतो, हे विक्रेत्याने ओळखले पाहिजे.

यवतमाळ जिल्ह्यातील बाभुळगाव हा कापूस, तूर आणि सोयाबीनचा तालुका. अशा ठिकाणचा डाळ, तिखट किंवा लोणची विकणारा उद्योग वा महिला बचत गट मोबाइलवरून जाहिरात करू लागला की परदेशी विचारणा त्याच्याही दारी येऊ शकते. समजा, ४०,००० रुपयांच्या ऑर्डरीवर १५ टक्के नफा आहे. चार्जबॅक झाल्यास ६,००० रुपयांचा नफा तर जातोच, शिवाय मालात गुंतलेले ३४,००० रुपये बुडतात. ते भरून काढायला तेवढ्याच मोठ्या सहा प्रामाणिक ऑर्डरी लागतात. दुसरी तऱ्हा अधिक घातक आहे. ‘कार्डावरून ६५,००० घ्या आणि वरचे २५,००० आमच्या वाहतूकदाराला पाठवा’ असे ग्राहक सांगतो. तो वाहतूकदार टोळीचाच माणूस असतो. आता तोटा ५९,००० होतो, म्हणजे जवळजवळ दहा ऑर्डरींची कमाई. वर बँकेचे शुल्क वेगळेच.

यावरून उपायांचा क्रम ठरतो. ग्राहकाच्या वतीने तिसऱ्या माणसाला पैसे कधीही पाठवू नयेत. कार्डाचा फोटो किंवा क्रमांक व्हॉट्सॲपवर घेऊ नये. थ्री-डी सिक्युअर पडताळणी असलेल्या पेमेंट लिंकनेच रक्कम घ्यावी, कारण ती पडताळणी पूर्ण झाली तर ‘कार्ड माझ्या नकळत वापरले’ या तक्रारीची जबाबदारी सहसा कार्ड देणाऱ्या बँकेकडे जाते. भावाची घासाघीस नाही, एकाच ऑर्डरीसाठी अनेक कार्डे, कार्ड एका देशाचे आणि पत्ता दुसऱ्या देशाचा, शिवाय कमालीची घाई, अशी लक्षणे एकत्र दिसली तर माल थांबवावा. मोठ्या ऑर्डरीची रक्कम बँकेतून बँकेत मागवावी किंवा पतपत्र घ्यावे.

पोलीस आहेत, मग एवढी काळजी कशाला, असे कोणी म्हणेल. १९३० या मदतक्रमांकावर तक्रार तातडीने करावीच. वाहतूकदाराचे खाते भारतात असेल तर रक्कम गोठवता येण्याची शक्यता असते. पण सीमेपलीकडे गेलेला माल आणि माणूस हाती लागणे दुर्मीळ. ऑगस्ट २०१८मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवरील सायबर हल्ल्यात बनावट कार्डांनी २८ देशांतून पैसे काढले गेले आणि एकूण फटका सुमारे ९४ कोटींचा बसला. २०२३मध्ये ११ जणांना शिक्षा झाली, तीही येथे पैसे काढणाऱ्या साखळीतल्यांना. मोठ्या बँकेची ही गत, तर छोट्या दुकानदाराने वसुलीवर विसंबणे धोक्याचे आहे.

दुसरा आक्षेप असा की एवढ्या चौकशीने चांगला ग्राहक दुखावेल, त्यापेक्षा परदेशी ऑर्डर नकोच. चौकशीला खरा खरेदीदार सहसा उत्तर देतो, कारण त्यालाही आपला माल हवा असतो. चोराला मात्र वेळ परवडत नाही, कार्ड कधीही बंद होऊ शकते. परदेशी बाजार सोडून दिला तर नुकसान तालुक्यातल्या प्रामाणिक उद्योगाचेच होते. तरीही सारा भार त्याच्या एकट्याच्या शहाणपणावर टाकणे अन्यायाचे आहे. पेमेंट सेवा देणाऱ्या कंपन्या आणि बँका प्रत्येक व्यवहारावर शुल्क घेतात. परदेशी कार्ड स्वीकारण्याची सोय सुरू करतानाच चार्जबॅकचा धोका विक्रेत्याला त्याच्या मराठीत समजावणे, हे त्यांचे कर्तव्य मानले पाहिजे.