निजामाचा मराठवाडा आणि चिकटवलेल्या छायाचित्रांचे ग्रंथ

पाथरी हे नाव इतिहासाच्या वाचकाला बहुधा अहमदनगरच्या निजामशाहीमुळे ठाऊक असते. त्या घराण्याचा मूळ पुरुष मलिक हसन हा पाथरीच्या कुलकर्णी घराण्यातील ब्राह्मणाचा मुलगा होता, असे फरिश्ता सांगतो. पूर्वजांच्या या गावाच्या ताब्यावरून निजामशाह आणि वऱ्हाडचा इमादशाह यांच्यात लढायाही झाल्या. हा धागा मात्र दुसऱ्या निजामाविषयी, हैदराबादच्या आसफजाही राज्याविषयी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पाथरी या राज्याच्या परभणी जिल्ह्यातील एक तालुका होती.

सुमारे ८२,००० चौरस मैलांचे हे राज्य. इतका मोठा मुलूख व्हाइसरॉयला किंवा परदेशी पाहुण्याला दाखवायचा कसा? त्या काळचे एक उत्तर होते छायाचित्रांचा ग्रंथ. मेजावर ठेवता येईल, चाळता येईल आणि भेट म्हणून देता येईल असा चामडी बांधणीचा अल्बम. तो बनवणाऱ्यासाठी हाच ग्रंथ दुकानाची पाटी, कामाचा नमुना आणि कधी कधी नोकरीचा अर्जही ठरे.

प्रथम ‘ग्रंथ’ म्हणजे काय ते स्पष्ट करावे लागेल. मजकूर छापणाऱ्या यंत्रावरच छायाचित्रही छापण्याची सोय तेव्हा रुळलेली नव्हती. त्यामुळे अशा पुस्तकातील प्रत्येक चित्र ही स्वतंत्रपणे तयार केलेली खरी छायाचित्र-प्रत असे, आणि ती हाताने पानावर चिकटवलेली असे. शंभर प्रतींच्या पुस्तकात पन्नास चित्रे घालायची, तर पाच हजार छायाचित्रे उन्हात ठेवून काढावी लागत.

या प्रती अल्ब्युमेन कागदावर काढत. पातळ कागदाला मीठ मिसळलेल्या अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर देत, आणि तो वाळल्यावर चांदीच्या नायट्रेटने त्याला प्रकाशसंवेदी बनवत. काचेची निगेटिव्ह त्यावर दाबून चौकट उन्हात ठेवत. चित्र हळूहळू गडद होई. मग सोन्याच्या क्षाराने त्याला जांभळट तपकिरी छटा देत, ‘हायपो’मध्ये ते स्थिर करत आणि पाण्यात दीर्घकाळ धूत. हा कागद वाळताना गुंडाळला जाई, म्हणून तो खळीने जाड पुठ्ठ्यावर चिकटवणे भागच असे. मोठे करण्याची सोय या पद्धतीत नव्हती. जेवढी काच तेवढेच चित्र. जर्मनीतील ड्रेस्डेन हे या कागदाचे मोठे केंद्र होते, आणि १८८० च्या दशकात तेथील एकाच कंपनीला दिवसाला सुमारे ६०,००० अंडी लागत. एवढ्या अंड्यांच्या पिवळ्या बलकाचे काय करत असतील, हा प्रश्न येथे बाजूला ठेवू.

आपल्याकडे या उद्योगाची सुरुवात मुंबईत झाली. १८५४ मध्ये बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे दोघेही या वर्तुळातले. १८५६ पासून विल्यम जॉन्सन आणि विल्यम हेंडरसन यांनी खऱ्या छायाचित्रांचा एक अल्बम मासिक हप्त्यांनी प्रसिद्ध केला. पुढे १८६३ आणि १८६६ मध्ये जॉन्सनने मुंबईतील जातीजमातींवर दोन खंड काढले. त्यांतील अनेक चित्रे जोडकामाची आहेत, म्हणजे माणसे एका ठिकाणी टिपलेली आणि पार्श्वभूमी दुसरीकडची. छायाचित्र म्हणजे निखळ पुरावा असे मानणाऱ्यांनी हे खंड अवश्य पाहावेत.

निजामाच्या मराठवाड्याच्या वाट्याला असा ग्रंथ आला तो अजिंठ्यामुळे. मेजर रॉबर्ट गिल हा मद्रास सैन्यातील अधिकारी. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करण्यासाठी ईस्ट इंडिया कंपनीने १८४० च्या दशकात त्याची नेमणूक केली, आणि त्याने उरलेले आयुष्य त्या परिसरातच काढले. पारो ही स्थानिक स्त्री त्याची सहचारिणी होती; १८५६ मध्ये ती वारली. गिलने वर्षानुवर्षे खपून मोठमोठ्या कॅनव्हासवर तैलरंगात नकला केल्या. त्या लंडनला गेल्या आणि क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या गेल्या. डिसेंबर १८६६ मध्ये तेथे आग लागली आणि प्रदर्शनातील त्याच्या नकला खाक झाल्या.

त्याच्या दोनच वर्षे आधी, १८६४ मध्ये, गिलच्या छायाचित्रांचे एक पुस्तक लंडनमध्ये निघाले होते. जेम्स फर्ग्युसनचा मजकूर आणि गिलची ७४ छायाचित्रे. विषय अजिंठा आणि वेरूळच्या लेण्यांचा. अंधाऱ्या लेण्यांत कॅमेरा लावणे, मिनिटामिनिटांचे प्रकाशन, हाताशी फिरती रसायनशाळा, हे सारे त्याने केले होते. वीस वर्षांच्या चित्रकारितेचा बराचसा भाग एका रात्रीत गेला, आणि ज्याला तो बहुधा जोडधंदा मानत असेल ते छायाचित्रण मात्र अनेक प्रतींमुळे ग्रंथालयाग्रंथालयांत टिकून राहिले. एकमेव वस्तू आणि पुनःपुन्हा काढता येणारी वस्तू यांतला फरक समजून घ्यायला याहून बोलके उदाहरण सहसा सापडत नाही. पुस्तकाचा मजकूर मात्र फर्ग्युसनचा, आणि स्थापत्याचा इतिहासकार म्हणून कीर्तीही मुख्यतः त्याचीच.

श्रेयाचा हाच प्रश्न पुढच्या पिढीत दीनदयाळ यांच्यापुढे आला, आणि त्यांनी तो फार हुशारीने सोडवला.

लाला दीनदयाळ यांचा जन्म १८४४ मध्ये मेरठजवळच्या सरधना येथे झाला. रुडकीच्या थॉमसन कॉलेजात त्यांनी अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले आणि १८६६ मध्ये इंदूर येथे सार्वजनिक बांधकाम खात्यात नकाशे व अंदाजपत्रके करण्याच्या कामावर ते रुजू झाले. कॅमेरा हाती आला तो १८७४ च्या सुमारास. मध्य भारताचे एजंट सर हेन्री डॅली यांनी प्रोत्साहन दिले. १८७५-७६ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स भारतात आले तेव्हा त्यांच्या दौऱ्याची छायाचित्रे घेण्याची संधी मिळाली. पुढे सर लेपेल ग्रिफिन यांच्याबरोबर त्यांनी मध्य भारताचा दौरा केला आणि ग्वाल्हेर, खजुराहो, सांची, ओरछा येथील वास्तू टिपल्या. १८८६ मध्ये त्यांतून मध्य भारतातील प्रसिद्ध स्मारकांवरचा देखणा ग्रंथ निघाला. लेखक म्हणून नाव ग्रिफिन यांचे.

इमारतीचा अंदाजपत्रककार असलेला हा माणूस इमारतीकडे पाहतो कसा, हे त्यांच्या छायाचित्रांत दिसते. उभ्या रेषा सरळ, उंची मोजता यावी म्हणून कोठेतरी पायरीवर उभा केलेला माणूस, आणि जोत्यापासून कळसापर्यंत एकही भाग कापलेला नाही.

ग्रिफिन यांच्या ग्रंथाने दीनदयाळ यांना एक गोष्ट नक्की शिकवली असावी. दुसऱ्याच्या पुस्तकातले चित्र आपल्या नावावर जमा होत नाही. त्यांच्या अनेक प्रतींच्या खालच्या कडेला निगेटिव्हवरच लिहिलेला क्रमांक, स्थळाचे नाव आणि ‘दीनदयाळ’ ही अक्षरे उमटलेली दिसतात. चित्र कोणाच्याही अल्बममध्ये गेले, कोठेही भेट म्हणून पोहोचले, तरी कर्त्याचे नाव आणि पुन्हा मागणी नोंदवण्याचा क्रमांक चित्रासोबत जाई. एकच निगेटिव्ह सरदाराच्या खासगी अल्बममध्ये, इंग्रज अधिकाऱ्याच्या प्रवासस्मृतीत आणि दरबारी भेटग्रंथात वेगवेगळ्या क्रमाने बसवता येई. गिऱ्हाईक पाहून ग्रंथ बांधणे हे या व्यवसायाचे मर्म होते.

१८८० च्या दशकाच्या मध्यानंतर त्यांचा मुक्काम सिकंदराबादला हलला आणि सहावे निजाम मीर महबूब अली खान यांचा आश्रय मिळाला. १८९२ मध्ये हैदराबादेत खास पडदानशीन स्त्रियांसाठी स्टुडिओ निघाला; तो केनी-लेव्हिक नावाच्या इंग्रज बाई सांभाळत. १८९४ मध्ये निजामाने दीनदयाळ यांना ‘राजा बहादुर मुसव्विर जंग’ हा किताब दिला. १८९६ मध्ये मुंबईत मोठा स्टुडिओ उघडला, आणि १८९७ मध्ये राणी व्हिक्टोरियाची अधिकृत नेमणूकही मिळाली. बांधकाम खात्यातील नकाशे काढणारा माणूस वीस-पंचवीस वर्षांत राजा झाला. तो ज्या शिडीने चढला तिच्या बऱ्याच पायऱ्या पुठ्ठ्याच्या होत्या.

निजामाच्या मुलखाचे दर्शन घडवणारा १८९२ चा अल्बम या घडामोडींच्या मध्यावर येतो. त्याची एक प्रत लॉर्ड कर्झनच्या संग्रहातून लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत पोहोचली आहे. त्यात राज्य दिसते ते राजवाडे, दरबारी इमारती, किल्ले, मकबरे आणि लेणी यांच्या रूपाने. मराठवाड्याचा मान या प्रकारच्या निवडीत औरंगाबादकडे जातो, कारण बीबी का मकबरा, दौलताबाद आणि वेरूळ तिकडे. गोदावरीच्या उत्तरेचा परभणी-पाथरीचा काळ्या मातीचा पट्टा राज्याला महसूल देई. त्यातून ‘देखावा’ निघत नाही, आणि पाहुण्याला देखावा हवा असतो. याबद्दल दीनदयाळ यांना दोष देणे योग्य नाही. ग्रंथ कोणासाठी बांधायचा हे पैसे देणारा ठरवत असे.

मग दुष्काळ आला.

१८९९ मध्ये पाऊस दगावला. विक्रम संवत १९५६ वरून पश्चिम भारतात हा दुष्काळ ‘छप्पनिया’ म्हणून ओळखला जातो. मराठवाडाही त्यात होरपळला. निजाम सरकारने मदतकार्य काढले, आणि औरंगाबाद जिल्ह्यातील त्या कार्याची छायाचित्रे दीनदयाळ यांच्या स्टुडिओने घेतली. हीही पाने कर्झनच्या संग्रहात आहेत. कर्झन तेव्हा व्हाइसरॉय होता, आणि संस्थाने दुष्काळ कसा हाताळतात याकडे कलकत्त्याचे लक्ष होते. म्हणजे हा अल्बमही सादरीकरणच होता, फक्त या वेळी मकबऱ्याच्या जागी राज्याची दानत मांडायची होती.

यांतील एका चित्राचा मथळा इंग्रजीत आहे. त्याचा अर्थ : ‘कृशतेचे नमुने, औरंगाबाद’. बरगड्या मोजता येतील अशी माणसे कॅमेऱ्यासमोर ओळीने मांडली आहेत. प्रकाश स्वच्छ, मांडणी नीट, कडा धारदार. ज्या शिस्तीने खजुराहोचे शिखर टिपले गेले त्याच शिस्तीने ही माणसे टिपली आहेत, आणि म्हणूनच हे चित्र पाहणे अवघड जाते. ‘नमुने’ हा शब्द जॉन्सनच्या जातीजमातींच्या खंडांच्या काळापासून चालत आलेल्या वर्गीकरणाच्या सवयीतला. अल्बममध्ये निजामाचे नाव आहे, स्टुडिओचे आहे. या माणसांचे नाही.

तरीही या पानांना निव्वळ जाहिरात म्हणून बाजूला सारता येत नाही. वीस-बावीस वर्षांपूर्वी मद्रासच्या दुष्काळात विलोबी हूपर या लष्करी अधिकाऱ्याने उपाशी माणसांचे गट करून छायाचित्रे घेतली, तेव्हा चित्र काढल्यावर त्यांना मदत दिली का, असा संतप्त प्रश्न त्याच्यावर आला होता. औरंगाबादची चित्रे मदतकार्याचा भाग म्हणून निघाली, एवढा फरक मान्य करावा लागेल. शिवाय सरकारी अहवालांत दुष्काळ आकड्यांच्या रकान्यांत राहतो. मराठवाड्यातील त्या वर्षांच्या सामान्य शेतकऱ्याचे, मजुराचे, पोराबाळांचे चेहरे आज पाहायचे, तर याच पानांकडे वळावे लागते. राज्याचे औदार्य दाखवण्यासाठी बांधलेल्या ग्रंथाने, हेतू नसताना, राज्याच्या प्रजेची अवस्था नोंदवून ठेवली.

दीनदयाळ यांचा धंदाही त्या सुमारास बदलत्या काळात सापडला. कोडॅकच्या लहान कॅमेऱ्याने हौशी माणसाला स्वतःचे चित्र स्वतः घेता येऊ लागले. हाफटोन पद्धतीमुळे छायाचित्र अक्षरांबरोबर छापणे स्वस्त झाले, आणि चिकटवलेल्या प्रतींचा ग्रंथ ही श्रीमंती हौस उरली. १९०४ मध्ये मुलगा धरमचंद वारला. १९०५ मध्ये मुंबईत दीनदयाळ यांचेही निधन झाले. दुसरे पुत्र ग्यानचंद यांनी काम पुढे चालवले.

१९८९ मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने दीनदयाळ यांच्या २,८५७ काचेच्या निगेटिव्ह विकत घेतल्या. काचेवर चित्र असते, क्रमांक असतो, कधी स्थळही असते. ते चित्र कोणत्या ग्रंथात गेले, कोणाला भेट मिळाले, त्याच्या आधीचे पान कशाचे आणि नंतरचे कशाचे, हे काच सांगू शकत नाही. तो क्रम फक्त बांधलेल्या अल्बमांत आहे, आणि त्यांतले महत्त्वाचे खंड लंडनमध्ये आहेत. मराठवाड्याच्या अभ्यासकाला त्यामुळे दोन टोके जुळवावी लागतात. दिल्लीतील काचेवरचा क्रमांक एका बाजूला, आणि लंडनमधील पुठ्ठ्यावर त्या क्रमांकाला मिळालेली जागा दुसऱ्या बाजूला.