फ्रिअर, सर बार्टल
(२९ मार्च १८१५–२९ मे १८८४). ब्रिटिश प्रशासक व मुंबईचा गव्हर्नर (१८६२–६७). तो साताऱ्याचा रेसिडेंट असताना छत्रपती शहाजी ऊर्फ आप्पासाहेब निधन पावले (५ एप्रिल १८४८). मृत्यूपूर्वी त्यांनी घेतलेला दत्तक सरकारने मान्य करावा, असे फ्रिअरने आग्रहाने प्रतिपादिले. गव्हर्नर जॉर्ज क्लार्क याचाही संस्थान खालसा करण्यास विरोध होता. डलहौसीने मात्र दत्तक नामंजूर केला. खालसा झालेल्या मुलखाचा कारभार फ्रिअरकडेच आला आणि तो त्याने निमूटपणे पाहिला. पुढे सिंधचा कमिशनर (१८५०–५९) व मुंबईचा गव्हर्नर झाल्यावर त्याच्या कारकीर्दीत मुंबईच्या किल्ल्याचा तट पाडण्यात आला. साताऱ्याच्या गादीची बाजू मांडणाऱ्या फ्रिअरने दक्षिण आफ्रिकेत हाय कमिशनर असताना झुलू राजास जाचक अटींचा निर्वाणीचा खलिता धाडून (डिसेंबर १८७८) युद्ध ओढविले. १८८० मध्ये त्यास परत बोलाविण्यात आले.